देवताफळ, जादूटोणा आणि परमेश्वरधर्म

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार अनादि पदार्थ निरूपिले. देवता आहेत, त्या फळे देतात. परंतु ती फळे नाशवंत होत. मोक्षदाता एक परमेश्वरच. हे ऐकून एखादा वासनिक शंका करतो की, देवता जर खऱ्या, तर त्यांच्या बळावर करणी करणारा मनुष्यही खरा मानावा काय?

ही शंका केवळ पोथीतली नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातील वणी खुर्द येथे २०२१ साली भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना भरचौकात बांधून मारण्यात आले. गडचिरोली जिल्ह्यातील बारसेवाडा येथे २०२४ च्या मे महिन्यात जादूटोण्याच्या संशयाने एक स्त्री व एक पुरुष यांना जाळून मारले. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण संशय उपजतो मनात, आणि तेथे शास्त्रच पोहोचले पाहिजे.

शंकेचे उत्तर कर्मविचारात आहे. जीव जे सुखदुःख भोगतो ते स्वकर्माचे. देवता ते भोगवितात. त्या कोणा मनुष्याच्या ताबेदार नव्हेत. शेजारच्या म्हातारीच्या पुटपुटण्याने आपले मूल गेले असे म्हणणारा देवतेला तिची चाकर ठरवितो आणि कर्माला खोटे पाडतो.

मग कर्म म्हणून स्वस्थ बसावे काय? तसेही नव्हे. धानोरा तालुक्यात चातगावजवळ शोधग्राम आहे. तेथील रुग्णालयाला आदिवासींच्या श्रद्धेस मान देऊन माँ दंतेश्वरीचे नाव दिलेले आहे. त्याच संस्थेने १९९५ पासून जिल्ह्यातील ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या गावच्याच स्त्रियांकडून नवजात बालकांची घरोघर शुश्रूषा करविली, आणि तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. जी बालके वाचली ती कोणाची करणी उतरवून नव्हे. ऊब, स्वच्छता व जंतुसंसर्गावरील औषध वेळेवर मिळाले म्हणून. देवीचे नाव तेथे राहिले, कोणा म्हातारीवर आळ मात्र आला नाही.

यावरून जादू व धर्म यांतील भेद उघड होतो. गावदेवाला नव्या धान्याचा पहिला घास वाहणारा पुजारी जादूगार नव्हे. माझी इच्छा देवतेने पुरवावी, माझा वैरी तिने मारावा, असा हट्ट ती जादू. इच्छाच सुटावी, जीव परमेश्वराला शरण जावा, तो धर्म.

हा भेद आपल्या घरातही पाहावा. जाळीचा देव येथे बाहेरची बाधा झाली म्हणून कितीतरी दुःखी जीव आणले जातात. त्यांना आश्रय द्यावा, धीर द्यावा, नाम सांगावे, आणि वैद्याकडेही न्यावे. परंतु 'हे कोणी केले?' या प्रश्नाला उत्तर देऊ नये. त्या उत्तरातूनच हिंसा जन्मते. ताइतात बांधलेले नाम हे स्मरण नव्हे, तो सौदा होय.

स्वामींचा मार्ग अहिंसेचा. गावात कोणावर संशयाचे बोट उठले, तर उपदेशी मनुष्याने गर्दीत न मिसळता त्या दारापुढे जाऊन उभे राहावे. त्या घडीचा हाच आचार होय.

दंडवत प्रणाम.