घाबरलेल्याचा माल

जुलै २०२४ मध्ये बाजार पडत असताना मी थोडं बिटकॉइन घेतलं आणि घेताना हात थरथरला नाही, याचा मला बरेच दिवस अभिमान होता.

जर्मनीतलं सॅक्सनी राज्य तेव्हा जप्त केलेली सुमारे ५० हजार बिटकॉइन विकायला काढत होतं. सरकारी वॉलेटमधून एक्स्चेंजकडे नाणी सरकली की मिनिटाभरात त्याची सूचना फोनवर वाजायची. त्यातच जपानच्या बुडालेल्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजनं ५ जुलैला जुन्या ग्राहकांची नाणी परत द्यायला सुरुवात केली आणि भाव ५४ हजार डॉलरच्या खाली गेला. नाणी सरकली म्हणजे विकलीच असं नसतं. पण हे शांतपणे कळायला आधी शांत असावं लागतं. आमच्या यवतमाळच्या ग्रुपवर पोरं विचारत होती, "सर, व्हेल विकून राहिले, काढून घेऊ का?" व्हेल म्हणजे मोठ्या साठ्याचे मालक. मी लिहिलं, "तुमचं तुम्ही ठरवा." सल्ला चोख होता. फक्त त्याआधी मी खरेदीची ऑर्डर लावून बसलो होतो, हे लिहिलं नाही.

रुपयातल्या त्या सौद्यात समोर सॅक्सनी नव्हतं. बहुधा पाचशे-हजार रुपये लावलेला, दिग्रस किंवा लातूरचा कुणी घाबरलेला माणूस होता.

पांढरकवड्याकडच्या आमच्या गावात खेडा खरेदीवाला टेम्पो दारात लावून सांगायचा, "बाहेरून गाठी येऊन राहिल्या, भाव पडणार." वडील हमीभावाच्या खाली कापूस देऊन टाकायचे, वर वजनातली कट्टी वेगळी. त्या माणसाला मी पोटभर शिव्या घातल्या आहेत. त्यानं अफवा सांगितली, मी तर नुसता गप्प राहिलो, हा फरक मन मोठ्या हुशारीनं पुढे करतं. मीही घेतलं नसतं तर भाव आणखी पडला असता, असंही म्हणतं. ते खरंही आहे. पण तोही हेच म्हणायचा.

घाबरणाऱ्याला अडाणी समजायचीही मला सवय होती. ग्रुपमधल्या एकानं त्याच आठवड्यात वझीरएक्सवरचं सगळं विकून पैसे बँकेत आणले, तेव्हा मी हसलो. १८ जुलैला त्या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरांनी हलवली आणि नाणी बाहेर काढणं वर्षाहून जास्त काळ बंद राहिलं.

डिसेंबरात भाव एक लाख डॉलरवर गेला. मी विकलं, नफ्यावर ३० टक्के कर भरला. तोटा सोसून विकणाऱ्याला मात्र आपल्या कायद्यात तो तोटा दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही.

परवा ग्रुपवर पुन्हा विचारणा आली, "सर, काढू का?" या वेळी मी आधी लिहिलं, "मी घ्यायला बसलो आहे, हे धरून माझं ऐक." त्यानं विकलं नाही. भाव त्यानंतर आणखी खाली आला.