दृश्य आणि वहिवाट

२०२५ च्या डिसेंबरात जेम्स कॅमेरॉन यांच्या ‘अवतार’ मालिकेचा तिसरा भाग प्रदर्शित झाला, आणि २००९ साली पहिल्या भागाबद्दल जो निवाडा देण्यात आला होता तोच, एका अक्षराचाही फेरफार न करता, पुन्हा जाहीर झाला: चित्रे अपूर्व, कथा शिळी, आणि प्रेक्षक दिपून गेले इतकेच. हा निवाडा देणाऱ्यास दोन लाभ एकाच वेळी होतात. तंत्राच्या प्रगतीची कदर केल्याचे श्रेय त्याच्या पदरात पडते, आणि कोट्यवधी प्रेक्षकांच्या पंक्तीला आपण बसलो नाही हेही सिद्ध होते. चित्रपटाविषयी आपल्याकडे जी गंभीर म्हणवणारी चर्चा चालते तिच्यात ह्या मताला आता चांगल्या अभिरुचीचा दर्जा मिळाला असून त्याची तपासणी करण्याची गरजही कोणास वाटेनाशी झाली आहे. मला ते मत उथळ वाटते. आणि कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांतील ठाकुरवाड्यांच्या, म्हणजे ठाकर आदिवासींच्या वाड्यांच्या, आसपास ज्याचे जाणेयेणे झाले आहे त्याला ते तसे का वाटावे, हे येथे सांगावयाचे आहे.

अपूर्व दृश्यापुढे थक्क होणारा प्रेक्षक ७ जुलै १८९६ पासून, म्हणजे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली तेव्हापासून, आपल्यात आहे. त्या इतिहासाची उजळणी नको. त्यातील एकच गोष्ट मला हवी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे दिवसेंदिवस थोडेथोडे चित्रण केले आणि अंकुर फुटून रोप वाढताना पडद्यावर दाखवले. त्यात कथा नव्हती. तरीही त्या इवल्या चित्रफितीच्या बळावर त्यांना भांडवल मिळाले. ती पाहणारे दिपले, असे म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही, कारण बी उलते कसे हे उघड्या डोळ्यांना न दिसणारे ज्ञान त्या चित्राने दिले होते. नवे चित्र काही वेळा नवे ज्ञान असते, एवढे ह्या उदाहरणावरून मान्य झाले तरी पुढचा मार्ग मोकळा होतो.

‘अवतार’वर इतरही आक्षेप घेण्यात आले. त्यात निसर्गपूजेचा प्रचार आहे, ही व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राने व्यक्त केलेली नाराजी आपल्यापुरती दखलपात्र नाही. शीर्षक संस्कृत आणि पात्रांचा वर्ण निळा म्हणून आपल्याकडे जो अभिमान मिरवला गेला त्याबद्दल न बोलणेच बरे. परक्या गोऱ्या सैनिकाने वनवासी जमातीचा तारणहार व्हावे हा कथेतील दोष मात्र खरा आहे, आणि तो मान्य करूनच मी पुढे जातो.

आता त्या मुख्य निवाड्याकडे वळू. त्याचे समर्थन नेहमी एका प्रयोगाच्या रूपाने केले जाते: चित्रे बाजूला काढा आणि काय उरते ते पाहा. उरते ते १९९० च्या ‘डान्सेस विथ वुल्व्ज’चे कथानक, सबब सारे यश चित्रांचे. हा प्रयोगच मुळात सदोष आहे. ज्या समाजात कीर्तनाला बसलेल्या प्रत्येक श्रोत्याला आख्यानाचा शेवट ठाऊक असे, आणि ज्या रंगभूमीवर परिचित नाटकातील परिचित पद ऐकण्यासाठी लोक पुनःपुन्हा जात, त्या समाजातील समीक्षकांनी कथानकाच्या नावीन्यालाच कलाकृतीचे सर्वस्व मानावे, हे मला समजत नाही. परंतु हा मुद्दा गौण आहे. पहिल्या ‘अवतार’मध्ये मुख्य घटना कोणती घडते, हा खरा प्रश्न आहे. युद्ध ही ती घटना नव्हे, प्रेमही नव्हे. पाय निकामी झालेला एक मनुष्य दुसऱ्या देहात जागा होतो, प्रयोगशाळेतून धावत बाहेर पडतो आणि पायाची बोटे मातीत रुतवून उभा राहतो. पुढे महिनोन्महिने तो त्या रानात कसे चालावे, कोणत्या फांदीवर भार टाकावा, कोणत्या जनावरापुढे थांबावे आणि कोणत्या जनावरापासून पळावे हे शिकतो. पाहण्याची रीत बदलणे हीच जेथे घटना आहे, तेथे चित्रे काढून टाकल्यावर कथा उरत नाही असे म्हणणे म्हणजे गाणे काढून टाकल्यावर मैफल उरत नाही म्हणून गवयाला दोष देण्यासारखे आहे.

ह्यावर प्रतिपक्षाचे उत्तर तयार असते: बरे, पण त्या चित्रपटाने मागे काही ठेवले नाही, त्यातील पात्रांची नावेसुद्धा कोणास आठवत नाहीत. नावे आठवणे ही स्मृतीची एक जात आहे, आणि परीक्षेला ती उपयोगी पडते. पहिल्या भागानंतर तेरा वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा जगभरातून दोन अब्ज डॉलरांहून अधिक उत्पन्न झाले; उत्पन्न हा गुणवत्तेचा पुरावा नाही हे मी जाणतो, परंतु ज्याचा ठसा उमटलाच नाही त्याची इतकी माणसे तेरा वर्षे वाट पाहत नाहीत, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते. प्रतिपक्षाची खरी अडचण मात्र वेगळी आहे. दिपून जाण्याच्या सिद्धान्ताने पहिल्या वेळच्या पाहण्याचा उलगडा होतो. दुसऱ्या वेळच्या पाहण्याचा होत नाही, आणि त्यानंतरच्या विषादाचा तर मुळीच होत नाही. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतील वृत्तसंस्थांनी अशा प्रेक्षकांच्या हकिकती दिल्या की ज्यांना चित्रपट पाहून आल्यावर उदास वाटू लागले होते; तिकडचे जग आपल्याला मिळणार नाही ह्या जाणिवेने त्यांना आपले रोजचे जग निस्तेज दिसू लागले होते. त्यांची पुष्कळ थट्टा झाली. परंतु तेज डोळ्यांवर पडून दिपलेला मनुष्य डोळे चोळतो आणि कामाला लागतो. तो शोक करीत बसत नाही. शोक वियोगाचा असतो, आणि वियोग होण्यास आधी काही सहवास घडावा लागतो.

तो सहवास पडद्यावर कसा घडवला गेला, हे तंत्राच्या बाजूनेही पाहण्यासारखे आहे. त्रिमिती चित्रपट म्हणजे काय ह्याची आपल्याकडील जुनी कल्पना १९८४ च्या ‘माय डिअर कुट्टिचातन’ने आणि त्याच्याच १९९८ च्या हिंदी आवृत्तीने, म्हणजे ‘छोटा चेतन’ने, रुजवली: वस्तू पडद्यातून बाहेर येत आणि मुले त्या धरण्यासाठी हात पुढे करीत. ‘अवतार’मधील खोली बहुतांशी पडद्याच्या मागे आहे, तेथे वस्तू प्रेक्षकाकडे फेकली जात नाही, प्रेक्षकाला आत येण्यास वाव दिला जातो. नटांनी अंगावर खुणांचे पोशाख आणि चेहऱ्यापुढे लहान कॅमेरा लावून मोकळ्या दालनात प्रत्यक्ष धावपळ केली. आणि दिग्दर्शकाच्या हाती असे यंत्र होते की त्यातून पाहत तो त्या दालनात फिरला म्हणजे त्याला ते नट कल्पित रानात वावरताना दिसत. त्या रानात रात्री पाऊल पडेल तेथे जमीन उजळते. हे तेज नुसते पाहणाऱ्यासाठी नाही, चालणाऱ्यासाठी आहे.

येथे मला अभिप्रेत असलेला भेद मांडतो. एखादी भूमी दोन प्रकारे माणसाची होते: दृश्य म्हणून आणि वहिवाट म्हणून. दृश्य नजरेच्या टप्प्यात असते तोवर असते, आणि पाहणाऱ्याकडून ते काहीही मागत नाही. वहिवाट पिढ्यांच्या पायांनी पडते. तीत वाट, पाणवठा, देवाची जागा, कोणत्या महिन्यात कोणते कंद खणावेत ह्याचे ज्ञान, आणि कोठे जाऊ नये ह्याचीही मर्यादा असते. मामलेदार कचेरीच्या भाषेत हा शब्द आजही जिवंत आहे, आणि रस्त्याच्या हक्काचे तंटे त्याच्याच आधारे तुटतात.

कर्जत-खालापूरचा मुलूख दृश्य म्हणून विख्यात आहे. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर ठाकुरवाडी ह्याच नावाचे एक लहान स्थानक आहे, आणि त्यावरून जाणारे असंख्य उतारू पावसाळ्यात खिडकीशी गर्दी करून दरी पाहतात. आषाढ-श्रावणात धबधब्यांवर इतकी झुंबड उडते की सरकारला मनाई हुकूम काढावे लागतात. देखावे रचण्याचा उद्योगही येथेच आला: कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली चौक-कर्जत परिसरात उभारलेल्या स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी आग्ऱ्याचा किल्ला उभा राहिला, आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिकाची करमणूकनगरी उघडली. कर्जत तालुक्यातील खांडसवरून ज्या भीमाशंकरला वाट चढते, तेथील रानात पावसाळी रात्री ओल्या, कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट उजेड देते. तो उजेड पाहणारे शहरी निसर्गप्रेमी हटकून ‘अवतार’ची आठवण काढतात. त्यांना मी हसणार नाही. चित्रपटाने त्यांना निदान त्या उजेडापाशी आणले. परंतु त्या चित्रपटातला नायक तेथे राहण्यास शिकला होता, हे ते विसरतात.

ठाकरांचा ह्या रानाशी असलेला संबंध वेगळ्या जातीचा आहे. करवंदे, जांभळे, शेवळ्या, टाकळा, कुर्डू ही त्याची बाजारात दिसणारी बाजू. राब भाजून उतारावर नाचणी-वरी पिकवणे ही दुसरी. इंग्रजी अमदानीत वनखात्याने जंगल राखीव केले, आणि कुलाबा जिल्ह्यात अशा शेतीसाठी ‘दळी’ म्हणून जमिनी दिल्या. परंतु त्या कायमच्या नावावर होण्याची कैफियत पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. शहरात राहून हा संबंध तुटतो आणि तरी ओढ उरते, हे आपल्या साहित्यास ठाऊक नाही असे नाही, गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ मुंबई सोडून ह्याच डोंगररांगेतील राजमाचीवर परततो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. इरशाळगडाच्या कुशीतील ती ठाकरांची वाडी. वाहन जाईल असा रस्ता नसल्याने मदत पथकांना चढून जावे लागले. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचे नाव नव्हते, असे विधिमंडळात सांगण्यात आले. त्या आठवड्यात जो प्रश्न अनेकांच्या तोंडी होता तो माझ्या मनातून जात नाही: असल्या जागी ही माणसे राहतात तरी कशाला? वहिवाट दरडीपासून राखत नाही, आणि वाचलेल्यांना चौकजवळ नवी घरे द्यावी लागली हे योग्यच झाले, हे मी निःशंकपणे म्हणतो. तरीही तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नजरेत तो डोंगर एक रिकामे दृश्य होते, आणि त्यात माणसे चुकून आली होती, हे लपत नाही.

असा प्रश्न विचारणारे पात्र ‘अवतार’मध्येही आहे, आणि समीक्षकांनी ह्या गोष्टीकडे सपशेल दुर्लक्ष केले. खाण कंपनीच्या नियंत्रणकक्षात मध्यभागी एक मोठे मेज आहे; त्यावर त्या रानाची प्रकाशाने रेखलेली त्रिमिती प्रतिमा तरंगते, त्या जमातीचे वसतिस्थान असलेला महावृक्ष दिसतो आणि त्याच्या मुळाखालचे खनिजही दिसते. चित्रपटातील हीही एक अपूर्व प्रतिमाच आहे. ती पाहून व्यवस्थापक वृक्ष हटवण्याचा निर्णय घेतो, आणि तो कोसळतानाही त्याला दिसतो तो त्याच दालनातल्या पडद्यांवर. म्हणजे ज्या चित्रपटावर निव्वळ चित्रबाजीचा आरोप आहे, त्याने दोन प्रकारची चित्रे समोरासमोर ठेवली आहेत: मेजावरून पाहिलेले रान आणि पायांखालचे रान. प्रेक्षक सुमारे पावणेतीन तास ह्या दोहोंमध्ये ये-जा करतात, आणि वृक्ष पडतो तेव्हा ते कोठे उभे असतात हे त्यांच्या अश्रूंवरून कळते. त्यांना दिपलेले म्हणणारे मात्र मेजापाशीच राहिले, असे मला वाटते. कठोर वाटले तरी ते मागे घेण्याचे कारण दिसत नाही.

हा भेद पडद्यापुरता नाही. २०१० साली बॉक्साइटच्या नियोजित खाणीला विरोध करणाऱ्या ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या वतीने ‘सर्व्हायव्हल इंटरनॅशनल’ ह्या संस्थेने कॅमेरॉन यांना जाहिरातीद्वारे आवाहन केले आणि वर्तमानपत्रांना ‘खरे अवतार’ हे शीर्षक सापडले. त्या शीर्षकाने कोंधांचेही दृश्यच झाले असते. तसे झाले नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. त्या नकाराला आधार होता २००६ च्या वनहक्क कायद्याचा, आणि हा कायदा माझ्या समजुतीप्रमाणे वहिवाटीचा कायदा आहे. त्याच्या नियमांत घर, विहीर, दफनभूमी, देवस्थान अशा जमिनीवरील खुणा आणि वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब हे पुरावे म्हणून ग्राह्य धरले आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केले की उपग्रहाची छायाचित्रे इतर पुराव्यांना पूरक ठरू शकतील, त्यांची जागा घेऊ शकणार नाहीत.

ह्या एका तरतुदीत माझे सारे म्हणणे आलेले आहे. काही वर्षे पिकवून विसाव्यासाठी टाकलेली दळी वरून घेतलेल्या छायाचित्रात जंगलच दिसणार. करवंदीच्या जाळीपर्यंतची वाट, देवाचा दगड, उन्हाळ्यात पाणी टिकणारी कुंडी, ह्यांपैकी काहीही त्यात दिसणार नाही. ते दाखवू शकतो तो त्या जागेवर सोबत चालत गेलेला वाडीतला म्हातारा, आणि ते लिहून घेऊ शकते ती त्याच्यासोबत चढून गेलेली वनहक्क समिती. अशा जमिनीवरचा वनहक्काचा दावा नामंजूर करताना वरिष्ठ समितीने छायाचित्रात लागवड आढळत नाही एवढेच कारण नोंदवले असेल, तर तो निकाल केवळ दृश्यावर दिलेला आहे, आणि तो स्थळपाहणीसाठी परत पाठवला पाहिजे.