डोकं माझं, टायर कुणाचा?

पुण्यात हेल्मेटवर वाद घालायला प्रत्येकाकडे वेळ असतो. १ जानेवारी २०१९ पासून शहरात हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा त्याविरुद्ध आंदोलनंही झाली. विरोधामागचा एक मुद्दा साधा होता: डोकं माझं आहे, फुटलं तर माझं फुटेल, तुम्हाला काय त्याचं? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली 'ऑन लिबर्टी'मध्ये हीच रेघ ओढली होती. ज्या कृतीने दुसऱ्याला इजा होत नाही, तिथे समाजाने जबरदस्ती करू नये.

मिलची हीच पट्टी हेल्मेटवरून काढून गाडीच्या टायरला लावून बघा. गुळगुळीत झालेला टायर माझ्या एकट्याचा मामला नसतो. मागे कुणीतरी बसलेलं असतं, पुढे कुणीतरी रस्ता ओलांडत असतं. तरीही टायरवरून पुण्यात कधी वाद होत नाही. जिथे धोका मुख्यतः स्वतःला, तिथे आपण रस्त्यावर उतरतो. जिथे तो दुसऱ्यालाही, तिथे गप्प. हे उलटं नाही का?

डिसेंबर-जानेवारीत हा प्रश्न जरा जास्त खरा होतो. शिवाजीनगरला किमान तापमान १० अंशांच्या खाली गेल्याची बातमी दरवर्षी येते. पाषाण, एनडीएच्या बाजूला थंडी आणखी बोचते, मगरपट्ट्याकडे तितकी नाही. टायर रस्त्याला धरतो तो दोन प्रकारे. रबर रस्त्याच्या पृष्ठभागाला किंचित चिकटतं, आणि खडीच्या बारीक उंचवट्यांवर दबून त्यांचा आकार घेतं. दोन्हीसाठी रबर मऊ हवं. थंडीत ते ताठरतं. थंड देशांत हिवाळी टायर वेगळे मिळतात, आणि ते कधी चढवायचे यासाठी ७ अंशांचा ठोकताळा वापरतात. पुण्याची थंडीतली पहाट त्या आकड्याच्या बरीच जवळ जाते.

हवेचंही तसंच. दुपारी ३० अंशांत २९ पीएसआय भरलेली हवा पहाटे १० अंशांत साधारण २६ भरते. पंक्चर नाही, गळती नाही, फक्त वायूचा नियम. नायट्रोजन भरला तरी नियम तोच.

आता एक प्रामाणिक मुद्दा. पुण्यात फक्त थंडीमुळे सहसा कुणी पडत नाही. पडतं ते थंडी अधिक दवाने ओला झालेला झेब्रा क्रॉसिंगचा रंग, अधिक पुलाच्या जोडाची लोखंडी पट्टी, अधिक बांधकामाची सांडलेली वाळू, अधिक झिजलेला टायर. सिंहगडाच्या घाटात सावलीतल्या वळणावर ऊन उशिरा पोचतं, तिथे यात ओला पालापाचोळाही येतो. थंडी फक्त शिलकीतले पैसे काढून घेते. खर्च दुसराच कुणीतरी करतो.

ही शिलक किती मोलाची, ते मोजता येतं. समजा दोन गाड्या ताशी ५० किलोमीटरने चालल्या आहेत. एकीच्या टायरची पकड ०.८, दुसरीची ०.६. दोघी एकाच क्षणी पूर्ण ब्रेक लावतात. पहिली सुमारे १२ मीटरवर थांबते, दुसरी १६ मीटरवर. फरक एका छोट्या कारच्या लांबीएवढा. ऐकायला किरकोळ. पण जिथे पहिली गाडी पूर्ण थांबली, त्या जागी दुसरीचा वेग अजून ताशी २५ असतो. तिथे एखादी आजी उभी असेल, तर पहिल्या गाडीने ती दचकेल. दुसऱ्या गाडीने तिचं माकडहाड मोडेल, कदाचित त्याहून वाईट.

आणि तिथे आजी नसेल तर? तर काहीच नाही. दुसरा स्वार "वाचलो" म्हणेल आणि ऑफिसला जाऊन चहा घेईल.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी याच गोष्टीला 'मॉरल लक', म्हणजे नैतिक नशीब, असं नाव दिलं. नेगेलचं एक उदाहरण ट्रक ड्रायव्हरचंच आहे. त्याने बरेच दिवस ब्रेक तपासलेले नाहीत. एक मूल आडवं येतं आणि मरतं. तो आयुष्यभर स्वतःला दोषी धरेल. पण मूल आडवं आलं नसतं तरी त्याची हयगय तेवढीच राहिली असती. मग दोष कशाचा? त्याने केलेल्या गोष्टीचा, की त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीचा?

कायदाही याच पेचात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल जास्तीत जास्त सहा महिने कैद. तशाच हयगयीत माणूस गेला, तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. कृत्य एकच असू शकतं. मधला फरक पुष्कळदा फक्त समोर कोण होतं याचा असतो.

मला वाटतं, आपण चुकीच्या क्षणाकडे बघत बसतो. टायर घसरायला लागला त्या अर्ध्या सेकंदात माझ्याकडे निवडीसारखं काही नसतं, आणि जिथे निवड नाही तिथे नीती शोधून काय मिळणार? निवड असते ती आदल्या दिवशी पार्किंगमध्ये, जेव्हा काहीच घडत नसतं. टायरच्या खाचांत झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. ते बघायला दोन मिनिटं लागतात. न बघणारा आणि बघणारा, दोघं उद्या सुखरूप पोचले, तरी ते सारखे नाहीत. एकाने काळजी घेतली. दुसऱ्याच्या वाट्याला रिकामा रस्ता आला.

अडचण ही की रिकामा रस्ता आपल्याला चुकीचं शिकवतो. माझ्या धंद्यात 'टेस्ट पास झाली' आणि 'टेस्ट चाललीच नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण स्क्रीनवर दोन्हीकडे लाल रंग नसतो. "दोन वर्षं हाच टायर चालवतोय, काही झालं नाही" हे वाक्य दुसऱ्या प्रकारचं आहे. त्या दोन वर्षांत टायरची परीक्षा बहुधा झालेलीच नसते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पहाटे सहाला दूध पोचवणाऱ्या पोराला दोन टायर बदलायचा खर्च म्हणजे काही दिवसांची कमाई. त्याला नीती शिकवणारे आपण कोण? आक्षेप मला मान्य आहे, पण त्याने जबाबदारी नाहीशी होत नाही, ती सरकते. ज्याच्या हातात जास्त, त्याच्यावर जास्त. मिनिटांचा वायदा ठरवणाऱ्यावर, त्याच्या गाडीच्या टायरची चौकशी न करणाऱ्यावर, आणि रजईत पडून ऑर्डर देणाऱ्या माझ्यावरही. दहा मिनिटांत दूध मिळणं मला सोयीचं असतं, पण ती मिनिटं कुणाच्या तरी ब्रेकच्या अंतरातून येतात.

मागे बसणाऱ्याचा मुद्दा तर त्याहून थेट आहे. "चल, सोडतो तुला" असं आपण किती सहज म्हणतो. मैत्रीण बसते, काका बसतात. कुणी खाली वाकून टायर बघत नाही, कारण तसं बघणं म्हणजे अविश्वास दाखवणं. त्यांचा होकार आपल्या शब्दावर असतो, टायरवर नाही. म्हणून टायर बघण्याचं काम आपल्याकडे उरतं. मिलची रेघ मागच्या सीटच्या अलीकडेच संपते.

तर या थंडीत एवढं करा. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. पहिले काही किलोमीटर टायर गरम होईपर्यंत वळणं आणि ब्रेक सबुरीने. ब्रेक आणि वळण एकाच पकडीतून वाटा घेतात, म्हणून वळणाआधीच वेग कमी करा. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. आणि पुढच्या वेळी कुणी लिफ्ट देऊ केली, तर न लाजता एकदा चाकाकडे बघा. त्याला राग आला, तर वाद घालायला आपण पुणेकर आहोतच.