झाडलेले रिकामे घर

वाचन : २ शमुवेल १३:१-२२, मत्तय १२:४३-४५



शमुवेलाच्या पुस्तकातील हा अध्याय आपल्या मंडळ्यांतून क्वचितच वाचला जातो. उपासनेला मुलेबाळे बसलेली असतात, म्हणून आपण तो ओलांडून पुढे जातो. पवित्र शास्त्राने मात्र तो ओलांडलेला नाही. तामारेवर अत्याचार झाला तो राजाच्या घरात, आणि केला तो सावत्र भावाने. अबशालोमाने तिला गप्प राहावयास सांगितले. दावीद फार रागावला, पण रागावून स्वस्थ बसला. तामार भावाच्या घरी उदास होऊन राहिली. अम्नोनाला कोणी न्यायापुढे उभे केले नाही, आणि त्याच्या मनाला लागलेल्या रोगाकडेही कोणी पाहिले नाही. दोन वर्षांनी त्याचा खून झाला. एवढ्यावर त्या घराने तो विषय संपविला.

आमची एक प्रार्थनासभा उद्यमबागेत कारखाने सुटल्यावर भरते. तेथे एका भावाने विचारले, "असा गुन्हा केलेला माणूस शिक्षा भोगून हिंडलग्याच्या तुरुंगातून सुटला आणि रविवारी मंडळीच्या दारात उभा राहिला, तर काय करायचे? असली माणसे उपचाराने सुधारतात का?" लगेच दोन तट पडले. एक म्हणाले, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच. दुसरे म्हणाले, त्याने पश्चात्ताप केला, साक्ष दिली, प्रभूने क्षमा केली, संपले. मला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात.

उपचार म्हणजे काय ते आधी पाहू. अशा माणसांना गटात बसवून, आपण स्वतःला कोणत्या सबबी सांगत होतो हे ओळखावयास शिकवितात. 'तिला काही कळत नव्हते', 'मी प्यालो होतो', अशा त्या सबबी. वासना कोणत्या वेळी, कोणत्या एकांतात उसळते हे आधीच हेरून तेथून निघून जाण्याची सवय लावतात. आता फळ पाहू. इंग्लंड व वेल्सच्या तुरुंगांत असा एक कार्यक्रम अनेक वर्षे चालला. २०१७ साली तेथील न्याय खात्याने त्याची तपासणी प्रसिद्ध केली. कार्यक्रम पुरा केलेल्या २,५६२ पुरुषांपैकी १० टक्के पुन्हा अशाच गुन्ह्यात सापडले, तर तो न केलेल्या तशाच पुरुषांपैकी ८ टक्के. म्हणजे उपचार घेतलेलेच अधिक! तो कार्यक्रम बंद झाला. परंतु २०१९ साली थेरेसा गॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत उपचार घेतलेल्यांत ९.५ टक्के व न घेतलेल्यांत १४.१ टक्के पुन्हा सापडले, असे आढळले. जेथे शिकलेला मानसतज्ज्ञ सातत्याने स्वतः हजर होता, तेथे फळ अधिक चांगले होते. (हे आकडे सापडलेल्यांचे आहेत हे विसरू नये. तामारेसारख्या गप्प केलेल्या मुली कोणत्याच आकड्यात येत नाहीत.)

फौंड्रीत व मशीनशॉपमध्ये राबणाऱ्या भावांना यात नवल वाटले नाही. हीट ट्रीटमेंटला गेलेला जॉब परत आला की कोणी तो डोळे मिटून बसवीत नाही, हार्डनेस तपासतात. भट्टीचा ताप चुकला तर जॉबला तडा जातो, आणि तो ट्रीटमेंट न केलेल्यापेक्षा वाईट निघतो.

प्रभूने सांगितलेला दाखला येथे लागू पडतो. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडले गेले, सजले, पण रिकामे राहिले. मग तो आणखी सात जणांना घेऊन परतला. सुटून आलेल्या माणसाला काम नाही, खोली नाही, बोलावयास कोणी नाही. उपचाराने घर झाडले असेल, पण आत राहावयास कोण आले?

१९९४ साली कॅनडातील हॅमिल्टन शहरात मुलांवर अत्याचार केलेला एक माणूस पुरी शिक्षा भोगून सुटला. लोक खवळले. हॅरी नाय या मेनोनाइट पाळकांनी आपल्या लहानशा मंडळीतील काही जणांना त्याच्याभोवती उभे केले. ते त्याला डॉक्टरांकडे नेत, त्याच्याबरोबर जेवत, आणि तोंडावर विचारीत, आज कोठे होतास, कोणाबरोबर होतास? अशी मंडळे पुढे इतर देशांतही निघाली. तपासलेली माणसे थोडी आहेत, तरी त्यांच्यात पुन्हा गुन्हा करणारे कमीच आढळले.

आपल्याकडे तुरुंगांतून सर्वत्र चालणारा असा उपचार नाही. गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती पोलिसांसाठी. मंडळीला दिसत नाही. ज्याने अजून काही केलेले नाही, पण लहान मुलांविषयीच्या आपल्या ओढीची ज्याला भीती वाटते, त्याच्यासाठी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने २००५ साली उपचार सुरू केले, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानेही त्या धर्तीवर काम हाती घेतले. अशा भावाने मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यात विश्वासाची हार नाही.

मंडळीने काय करावे ते स्पष्ट सांगतो. अठरा वर्षांखालील मुलावर असा अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांत कळविणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. पाळक असो, पंच असो, 'आपसांत मिटवू' म्हणणारा अबशालोमाचीच री ओढतो. तामारेच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कमिटीला नाही. सुटून आलेल्याने शब्बाथ शाळेत शिकवू नये, गायकवृंदाच्या मुलांना सांभाळू नये, सहलीला जाऊ नये. दहा वर्षे चांगली गेली तरी नाही. जक्कयाने चौपट परत करीन म्हटले, तसे खरा पश्चात्ताप झालेल्याने ही मर्यादा आपणहून मागून घ्यावी. जो या मर्यादेवर रुसतो, त्याची साक्ष मला अपुरी वाटते. चार पोक्त, लग्नाकार्यात मुरलेली माणसे त्याच्याबरोबर नेमावी. ती मऊ मनाची नसावीत, आणि कठोरही नसावीत.

आणि ज्या कुटुंबाची मुलगी दुखावली, ते त्याच मंडळीत असेल तर? मग बाकावर पहिला हक्क त्या मुलीचा. त्याने दुसऱ्या गावच्या मंडळीत जावे, तेथील पाळकांना सर्व सांगून. नेमलेल्या चौघांनी मात्र त्याला सोडू नये. दर शनिवारी एकाने तरी त्याच्याकडे जावे. तो निपाणीला असला तरी बस मिळते.