परिप्रश्न आणि अतिप्रश्न

म्हैसूरजवळ तिरुमकूडल नरसीपूरच्या वाटेवर वरुणा नावाचे गाव व त्याच नावाचे तळे आहे. हे नाव ऐकताच उपनिषदांच्या अभ्यासकास तैत्तिरीयातील भृगूचा पिता वरुण आठवतो. पुत्राने ब्रह्म विचारले; पित्याने लक्षण सांगून तप करावयास लावले. अन्न, प्राण, मन, विज्ञान अशी एकेक पायरी जाणून भृगू चार वेळा परतला व तीच याचना करीत उभा राहिला. पित्याच्या मुखी त्राग्याचा शब्द नाही. प्रत्येक वेळी त्याने तपच सांगितले. पाचव्या तपात आनंद कळला आणि विचारणे आपोआप सरले.

गृहस्थाच्या घरी मात्र ‘असे का?’ हा प्रश्न तिसऱ्यांदा आला की कपाळाला आठी पडते. हा संताप नेमका कशाचा? कठोपनिषदातील वाजश्रवसाने दूध आटलेल्या, जराजीर्ण गायी दान दिल्या. आपणास कोणाला देणार, असे नचिकेत्याने तीनदा विचारताच पित्याने क्रोधाने त्यास मृत्यूला देऊन टाकले. येथे पुनरुक्ती हे निमित्त होते. दानातील उणीव उघडी पडत होती. पुष्कळदा आपला त्रासही असाच असतो. उत्तर जवळ नसते, किंवा असूनही आचरणात नसते.

तथापि प्रत्येक प्रश्नमालिका चालूच द्यावी, असेही नाही. बृहदारण्यकात गार्गी आधाराचा आधार विचारीत ब्रह्मलोकापर्यंत गेली, तेव्हा याज्ञवल्क्यांनी तिला अतिप्रश्नापासून परावृत्त केले. कारणाचे कारण शोधीत गेल्यास अनवस्था होते आणि शास्त्रकार तो दोषच मानतात. परंतु त्याच सभेत पुढे गार्गीने ब्राह्मणांची अनुमती घेऊन दोन प्रश्न केले व याज्ञवल्क्यांनी अक्षरतत्त्वाचे विवेचन केले. एक प्रश्न थांबविला, तरी विचारण्याचा तिचा अधिकार त्यांनी काढून घेतला नव्हता.

गीतेचे तिसरा, पाचवा, आठवा, बारावा, सतरावा व अठरावा हे सहा अध्याय अर्जुनाच्या पृच्छेनेच आरंभ पावतात. चौथ्या अध्यायात भगवंतांनी परिप्रश्नास प्रणिपात व सेवा यांच्यामध्ये स्थान दिले आहे. ही नम्रता विचारणाऱ्याला सांगितली. ती उत्तर देणाऱ्यानेही बाळगावी. चीड येताच गृहस्थाने प्रथम आपल्या अंतरात पाहावे. उणीव आपली असेल तर ती मान्य करावी. मुलास स्वतः शोधता येण्याजोगे असेल तर वरुणाप्रमाणे त्यास कामाला लावावे. आणि पुढे उत्तरच नसेल, तर तेही रागावाचून, स्पष्टपणे सांगावे.