काडेपेटीतून बघताना

काल चहाला उकळी येईपर्यंत काडेपेटीचं वरचं रिकामं खोकं डोळ्याला लावून ओट्याकडे बघत होते. "चष्मा हरवला का?" आतून विचारणा झाली. हरवला नव्हता. त्या एवढ्याशा चौकोनात कोथिंबिरीच्या जुडीची मुळं आली होती, मातीसकट. जुडी रोज निवडते, मुळं कापून टाकते. ती केसांइतकी बारीक असतात, हे कधी नीट बघितलंच नव्हतं.

ही युक्ती कोरिटा केंट यांची. 1936 मध्ये, अठराव्या वर्षी त्या लॉस एंजेलिसमधल्या नन्सच्या संघात दाखल झाल्या आणि पुढे त्या संघाच्याच कॉलेजात चित्रकला शिकवू लागल्या. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्या विद्यार्थिनींना त्यातून बघायला लावत. दिसेल तेवढंच बघायचं, बाकीचं राहू द्यायचं. त्यासाठी डोंगरदऱ्या लागत नाहीत; रस्त्यावरच्या पाट्या, दुकानातली खोकी चालतात. 1962 मध्ये त्यांनी स्वतः पावाच्या वेष्टनावरच्या रंगीत ठिपक्यांवरून एक छापचित्र केलं. त्या गोल ठिपक्यांत त्यांना चर्चच्या मिस्सा-उपासनेतली पवित्र भाकर दिसली. आपण ते वेष्टन चुरगळून केरात टाकतो!

1968 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, दमलेल्या कोरिटांनी मठ आणि कॉलेज दोन्ही सोडलं आणि बॉस्टनला स्वतंत्र बिऱ्हाड केलं. काम थांबलं नाही. 1971 मध्ये तिथल्या गॅसच्या अजस्र टाकीवर त्यांचे इंद्रधनुषी पट्टे चढले, 1985 मध्ये त्यांनी रेखाटलेलं प्रेमाचं टपाल तिकीट निघालं, आजारपणातही जलरंग चालूच होते. पण मला आवडते ती एक साधी गोष्ट. सध्या काय चाललंय, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, की खिडकीबाहेरचं मेपलचं झाड वाढताना बघतेय.

आपण अशा वेळी "काही नाही, घरीच" म्हणून मोकळे होतो. झाड बघतेय असं सांगायला धीर लागतो. आणि त्यासाठी निवृत्तीपर्यंत थांबायचं कशाला? बसची वाट बघताना दोन हातांच्या बोटांचा चौकोन पुरतो. लोक बघतील, बघू देत. कोथिंबीर मात्र काल निवडायची राहूनच गेली. पेल्यात पाणी घालून जुडी तशीच उभी केली आहे, मुळांसकट. आज सकाळी तिचं एक पान खिडकीकडे वळलं होतं.