डोरा की डोळा?

मार्कंडा या देवस्थानाचं नाव शब्दकोड्यात तीनच घरं घेतं : मा, र्कं, डा. दिसायला सोपं. पण त्या मधल्या घरातून उभा शब्द काढायला बसा, म्हणजे कोडं रचणाऱ्याची दमछाक कळेल. १९१३च्या डिसेंबरात आर्थर विनने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं कोडं छापलं, तेव्हा त्याच्या प्रत्येक घरात एक सुटं रोमन अक्षर होतं. आपल्याकडे काना, मात्रा, रफार, अनुस्वार, सगळं बिऱ्हाड एकाच घरात. रफार आणि अनुस्वार दोन्ही डोक्यावर घेतलेला ‘क’ आणायचा कुठून? मार्कंडेय सोडला तर मला एकच शब्द आठवला : कर्कंधू. म्हणजे बोर.

बोरी इकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, हव्या तितक्या. पण त्यांच्याखाली बोरं वेचणाऱ्या कुणाला कर्कंधू म्हणून बघा!

तरी उद्या हा शब्द कोड्यात आला, तर कुणी तक्रार करणार नाही. अनल, अंबुज, रजनी हे कोड्यातले जुने भाडेकरू. बोलण्यातून केव्हाच उठून गेले, चौकटीत मात्र ठाण मांडून आहेत. उलट ‘लहान तळे’ असा संकेत देऊन उत्तर इकडचं ‘बोडी’ ठेवलं, तर वाचक म्हणतील, हा अन्याय आहे. धानाच्या बांधीचं तेच, मोहाच्या टोरीचं तेच. हे शब्द सगळ्यांना ठाऊक नाहीत, असा आक्षेप. मग कर्कंधू कुणाला ठाऊक आहे? आणि कोशात नसल्याची सबबही चालत नाही. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश करून ठेवला आहे. अडचण शब्द अवघड असण्याची नाहीच. कुणाचं अज्ञान चालतं आणि कुणाचं चालत नाही, एवढाच प्रश्न आहे.

बक्षिसांच्या कोड्यांनी एके काळी लोकांना वेड लावलं होतं. एका संकेताला दोन-तीन शब्द चपखल बसायचे, पण बरोबर ठरायचा तो संपादकाने आधी ठरवून ठेवलेलाच. १९५५ साली संसदेने अशा स्पर्धांवर कायदा केला, आणि १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असल्या स्पर्धांना जुगारच मानलं. मोठी बक्षिसं गेली. ठरवून ठेवलेलं उत्तर मात्र राहिलं, आणि ते आजही बहुधा पुण्या-मुंबईच्या मराठीतलंच असतं.

महाशिवरात्रीच्या जत्रेत, मार्कंड्याच्या देवळाबाहेर, चहाच्या टपरीवर मी पेपर उघडून बसलो होतो. आडवा संकेत ‘नेत्र’, दोन घरं. टपरीवाला कप ठेवता ठेवता डोकावला. “डोरा लिवा न जी.”

झाडीत ‘ळ’चा ‘र’ होतो. मी हसून म्हटलं, “नाही बसणार; याच घरात उभा ‘गळा’ संपतोय.” कंठ, दोन घरं.

“मंग गरा लिवा.”

मी पेनची टोपी काढली. डोरा आडवा, गरा उभा, दोघांच्या सामाईक घरात ‘रा’. कुठे काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या अंकात, कोपऱ्यात बारीक टायपात, त्या घरात ‘ळा’ छापून आला.